नदीच्या नावचा सात-बारा

पालमचं कुणी कादंबरी लिहायलंय असं कळलं की ऐकणारा विषय न विचारताच ठरवून टाकतो. दुष्काळ असणार, नाहीतर कापूस, नाहीतर गोदावरीच्या काठाला राहून टँकरची वाट बघणारं गाव. तसं समजायला कारणही आहे. परभणी जिल्ह्याचं नावाजलेलं गद्य याच मातीतून आलं. बी. रघुनाथांनी निजामी अमलातलं खेडं आणि तिथली माणसं लिहिली. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला 2016 साली साहित्य अकादमी मिळालं, तेही खेड्यातल्या ताणांच्या कथांसाठी. अशा ठिकाणी एखादी पंचविशीतली मुलगी दिवसभर ई-सेवा केंद्रात पीकविम्याचे अर्ज भरते आणि रात्री मोबाइलवर राजे, मंत्र आणि तरंगते किल्ले लिहिते म्हटल्यावर घरच्यांनाही जरा चुकल्यासारखं होतं.

तिची आणि तिच्या मामांची नावं इथे घालत नाही. मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, आता निवृत्त आहेत. साखळी आणि फलकापासून उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रापर्यंत सगळ्या मोजण्या त्यांनी केल्या. मी मामांच्या ओट्यावर बसणाऱ्यांपैकी एक. या दोघांचा वाद गेल्या दिवाळीपासून ऐकतोय, त्यातला कामाचा भाग उतरवून काढतो. मध्ये मला राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

मामा : किती झालं लिहून?

भाची : नकाशा पूर्ण आहे. सात राज्यं, दोन समुद्र, मध्ये डोंगरांची रांग. राजघराण्यांच्या वंशावळी झाल्या, नाणी ठरली. कोणता मंत्र माणसाची किती ताकद खातो त्याचा तक्ता केलाय.

मामा : आणि कादंबरी?

भाची : पहिलं प्रकरण चालू आहे.

मामा : ते मागच्या पोळ्यालाही चालूच होतं. बाळा, मी जन्मभर नकाशे काढले. एक नकाशा गावाच्या आधी निघाला नाही. पहिल्यांदा शिवार पायाखाली घालायचं, त्रिसीमेचा दगड हुडकायचा, लगतच्या खातेदारांना बोलवायचं, त्यांची भांडणं ऐकायची, आणि मग कुठं फलकावर रेघ. तू रेघा आधी मारून बसलीस आणि आता तिथं माणूस राहायला येईना म्हणून रडायलीस.

भाची : टोल्किननेही नकाशा आधी केला आणि गोष्ट त्यात बसवली. त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय.

मामा : तो अंगठीवाला प्राध्यापक?

भाची : ऑक्सफर्डचा. जुनी इंग्रजी शिकवायचा. डिसेंबर 1937 ला लिहायला बसला, 1949 ला हातावेगळं केलं, 1954-55 मध्ये तीन खंड निघाले. मग माझं एक प्रकरण दोन पोळ्यांना चाललं तर काय बिघडलं?

मामा : गोष्ट कुठं जाणार हे त्याला आधी ठाऊक होतं?

भाची : सगळं नव्हतं. एका खाणावळीच्या कोपऱ्यात त्याला एक अनोळखी माणूस बसलेला दिसला. तो कोण, हे लिहिताना त्यालाही माहीत नव्हतं. पुढे तोच राजा निघाला.

मामा : तुझ्या सात राज्यांत असा कोणी बसलाय का कोपऱ्यात? तुला ठाऊक नसलेला?

ती बोलली नाही. इथे मी मामांच्या बाजूचा आहे. पहिली अद्भुतिका लिहिणाऱ्याला जग रचायचा नाद लागतो, कारण त्या कामात नापास होता येत नाही. वंशावळीतला कुणी खोटं वाटेल असं बोलत नाही, नकाशावरच्या डोंगराला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही. पहिल्या प्रकरणात मात्र कुणीतरी दार ढकलून आत यावं लागतं आणि त्याला काहीतरी हवं असावं लागतं. हिंदीत 'चंद्रकांता' लिहिणारे देवकीनंदन खत्री आधी चकिया-नौगढच्या रानांचे ठेकेदार होते. तिथले पडके किल्ले आणि भुयारं त्यांनी ठेकेदाराच्या नजरेने बघितली होती. 1888 मध्ये तीच तिलिस्म होऊन पुस्तकात आली.

भाची : नकाशा जाऊ द्या. खरी अडचण वाक्याची आहे. ऐका : 'सप्तसिंधूंच्या पलीकडे, वज्रगिरीच्या छायेत, अमरावतीचे वैभवशाली साम्राज्य वसले होते.'

मामा : अमरावती विदर्भात आहे.

भाची : इंद्राची अमरावती, मामा.

मामा : मग इंद्राला लिहू दे. हे वाक्य कॅलेंडरवरच्या चित्राखाली छापतात तसलं आहे.

भाची : बरं, हे घ्या : 'राजा म्हणला, काहून आलाव रे तुम्ही एवढ्या रातचं?' बघा, हसलात.

मामा : आलं हसू.

भाची : हेच ते. नाटकात, मालिकेत आपल्यासारखं बोलणारा एक तर गडी असतो, नाहीतर हसवायला आणलेला. राजाला आपली बोली दिली की गंमत होते. पुण्याची दिली की खोटं वाटतं. संस्कृत दिली की तुमचं कॅलेंडर. मग जादू करू कुठल्या मराठीत?

मामा : जनाबाई कुठली?

भाची : गंगाखेडची. शेजारचीच.

मामा : तिच्या जात्याला देव हात लावतो. तिच्यासोबत दळतो, कांडतो. याच्यावर कडी करणारा चमत्कार तुझ्या तक्त्यात आहे का? आणि ती त्याला बोलते कशी? घरातल्या माणसाला बोलावं तशी. वेळ आली तर चार शब्द सुनावते. सातशे वर्षं झाली, कुणी हसलं नाही.

भाची : ती भक्ती आहे. ऐकणारा देव मानूनच बसलेला असतो. माझ्या राजाला आधीपासून मानणारं कोण आहे? मला पहिल्या पानावर त्याला मानायला लावायचंय, तेही टाळ-मृदंग नसताना.

हा मुद्दा मामांच्या वर्मी लागला. थोडा वेळ त्यांनी सुपारी कातरली.

भाची : मला जी. ए. पाहिजेत. 'रमलखुणा' 1975 चं. आत दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. तिथली नावं कुठल्याच मुलखाची नाहीत, पण वाचताना एकदाही वाटत नाही की हा माणूस रचून सांगतोय.

मामा : जी. ए. वाचायचे. लिहायला गेलीस की बुडालीस.

मामा बरोबर बोलले. जी. एं.च्या भारावलेल्या गद्याची नक्कल करता करता कित्येकांची पहिली वही तिथेच संपली. शिवाय जी. एं.ची माणसं नियतीच्या वाटेवर बहुतेक एकेकटी चालतात. कादंबरीला बाजार लागतो, उधारी लागते, जावा-जावांची भांडणं लागतात. दीर्घकथेत जी भाषा श्वास रोखून धरते ती तीनशे पानं तशीच रोखून धरली तर वाचणारा गुदमरेल.

दुसऱ्या एका दिवशी विषय निघाला तो हे सगळं लिहायचं तरी कशाला, याचा.

भाची : मराठी कादंबरी सुरू झाली ती जवळपास अद्भुतापासूनच. 1857 चं 'यमुनापर्यटन' बाजूला ठेवा, ते विधवांच्या दुःखाचं होतं. पण 1861 ला हळब्यांची 'मुक्तामाला' आली, 1868 ला नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. दोन्ही अद्भुताच्या वाटेने गेलेल्या. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत कारणच देऊन टाकलंय. आपल्या लोकांची लग्नं ज्या रीतीने होतात त्यामुळे आणि आणखी काही कारणांनी आपल्या आयुष्यात रंगवून सांगण्याजोगं काही घडत नाही. रोजचं लिहिलं तर कुणाचं मन रमणार नाही. म्हणून अद्भुत हाती घ्यावं लागतं.

मामा : म्हणजे जगण्यात काही नाही म्हणून जादू.

भाची : आणि मला लोक सांगतात, जगण्यात इतकं आहे, तू जादू कशाला लिहितेस.

रिसबुडांचं ते गाऱ्हाणं दीडशे वर्षांत पार उलटं झालं. 1868 मध्ये लेखकाला आयुष्य फार सपक वाटत होतं, आता मराठवाड्यातल्या लेखकाला ते फार जड आहे. दिवसभर समोरच्या खुर्चीत पीक बुडालेला माणूस बसून गेला, त्याचं आधार आणि बँक पासबुक तिने स्वतः स्कॅन केलं, आणि रात्री ती पंख फुटलेल्या घोड्याचं वर्णन करणार. तिला हे पळून गेल्यासारखं वाटतं. ती तसं बोलत नाही, पण वाक्य अडतं ते बऱ्याचदा इथे. आणि बाहेरच्यांनी हा अपराध तिच्या गळ्यात मारलेला आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाने अद्भुत लिहिलं की तो प्रयोग ठरतो. पालमच्या मुलीने लिहिलं की तिने आपली माणसं टाकली.

मामा : नारळीकर चालतात की मग लोकांना.

भाची : ते शास्त्रज्ञ होते. विज्ञानकथेला प्रयोगशाळेचा दाखला मिळतो.

यात तथ्य आहे, पण नारळीकरांनी सुरुवातीला तो दाखला खिशातच ठेवला होता. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. कथा नावाशिवाय जिंकली. विज्ञानकथेला पुढे संमेलनाचं अध्यक्षपदही मिळालं. नाथमाधवांचा 'वीरधवल' मात्र वाचनालयांत पिढ्यान्‌पिढ्या झिजला तरी समीक्षेच्या दारात उभाच राहिला. नारायण धारपांचंही तेच. अनंत अंतरकरांनी 'नवल' मासिक काढलं नसतं तर असल्या लेखनाला दिवाळीतही पाट मिळाला नसता.

मामा : माझी हरकत दुष्काळाची नाही. दुष्काळ लिहिणारे लिहितात. माझी हरकत त्या मंत्राच्या तक्त्याला आहे.

भाची : का?

मामा : मोजणीला गेलो की एखाद्या गावात कोणीतरी हळूच बाजूला घ्यायचं. साहेब, तुमच्या यंत्रात जमिनीच्या खालचं दिसतं का? गुप्तधन. मांत्रिकानं जागा दाखवलेली असायची. एकदा एका पडक्या वाड्याच्या जोत्यात छाताडाएवढा खड्डा बघितला. कडेला लिंबं कापलेली, उडीद सांडलेले, कुंकवाचा चिखल, कोंबडीची पिसं. घरात दोन लहान लेकरं होती. मी साखळी तिथंच टाकली आणि पोलीस पाटलाला हाक मारली. 2013 मध्ये दाभोलकरांना मारलं तेव्हा कुठं सरकारनं वटहुकूम काढला, वर्षाच्या शेवटी जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. आणि तू इथं बसून मंत्र किती ताकद खातो ते लिहायलीस.

भाची : खड्डा खणणारा कादंबरी वाचत नाही. त्याला जादू खरी पाहिजे असते, उद्या सकाळी हंडा पाहिजे असतो. माझ्या वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हे खोटं आहे. मला ठाऊक, त्याला ठाऊक. त्या कबुलीवर तर सगळा खेळ आहे.

मामा : तुझ्या आजीला ठाऊक आहे का? डोहातल्या साती आसरा तिला खोट्या आहेत का?

भाची : नाहीत.

मामा : मग?

भाची : तिला त्यात अद्भुतही काही नाही. ती पत्ता सांगते. अमुक डोहाला दिवस मावळल्यावर जायचं नाही, गेलात तर पाण्याला पाय लावायच्या आधी हात जोडायचे. लेंडीला पूर आल्यावर कुठून उतरायचं नाही ते सांगावं, तसं.

मामा : मग तू आसरा लिहिल्यास की गाव म्हणणार, हे आम्हाला ठाऊकच आहे. पुणं म्हणणार, वा, काय लोकसंस्कृती आहे. अद्भुत राहिलं कुणासाठी?

मला वाटतं, सगळ्या अडचणींची गाठ इथे आहे. लंडनच्या वाचकाला भूत म्हणजे भूत. आपल्याकडे एकाच घरात एक जण त्याला नैवेद्य ठेवतो, दुसरा त्याच्याविरुद्ध सही गोळा करतो आणि तिसऱ्याला त्याच्यावर कादंबरी लिहायची असते. धारपांनी ही गाठ आपल्या रीतीने सोडवली. त्यांनी भयाची बिजं बाहेरूनही आणली, स्टीफन किंगकडून तर उघडच, आणि ती मराठी मध्यमवर्गीय घरांत पेरली. मंदिरात जायचं कामच ठेवलं नाही.

भाची : 'तुंबाड'ने काय केलं? नाव पेंडशांच्या कादंबरीवरून, बीज धारपांच्या कथेचं, पण हस्तर? हस्तर कुठल्या पुराणात नाही. रचलेला देव. त्याला कुणी नारळ फोडला नव्हता, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वासही नव्हता आणि कुणाचा रागही नव्हता. 2018 मध्ये लोक थेटरात गेले आणि दोन तास त्याला घाबरले.

मामा : मग काढ तसा एखादा.

भाची : मला देव नको. मला नदी पाहिजे.

मामा : नदी तर आहेच.

भाची : म्हणून तर अवघड आहे.

मध्येच मामांनी एक गोष्ट सांगितली. ती मला त्यांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोलाची वाटली.

मामा : माझे वडील निजामाच्या शाळेत शिकले, सगळं उर्दूतून. घरात 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची एक फाटकी जिल्द होती, लखनौच्या नवल किशोर छापखान्याची. रात्री कंदिलाशी बसून मनात वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. त्यातली जादू कशी असते माहीत आहे का? जादूगारानं अख्खा मुलूख बांधून ठेवलेला असतो, पण कुठंतरी एक पाटी असते. तो तिलिस्म कसा तोडायचा, कोण तोडणार, सगळं तिच्यावर लिहिलेलं. तलवार कितीही चालव, पाटी हाती लागून ती नीट वाचल्याशिवाय काही हलत नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच खातं.

भाची : हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाही.

मामा : तू नकाशाबद्दल बोलायलीस म्हणून आठवलं.

पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या कादंबरीच्या इतिहासात ही जिल्द भेटत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत पालम हैदराबाद संस्थानात होतं. शाळा उर्दूची, कचेरी उर्दूची, सेतवार आणि जुने कागद उर्दू-मोडीतले. 2023 मध्ये कुणबी नोंदी हुडकायला शिंदे समिती बसली तेव्हा हे कागद वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली. त्याच उर्दूतून अमीर हमजाची दास्तान इथल्या घरांत आली होती आणि सांगता सांगता मराठी होत होती. मराठवाड्याच्या अद्भुताला हा एक वाडवडिलांचा वाटा आहे. तो अजून कुणी आपल्या नावावर करून घेतलेला नाही.

त्यानंतर महिनाभराने असेल, तिने एक नवीन वाक्य आणलं. सात राज्यांचं काय झालं ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

भाची : 'त्या साली नदीने बेट परत मागितलं.'

मामा : कुणाकडं?

भाची : म्हणजे?

मामा : मागितलं म्हणजे अर्ज आला असणार. तहसीलला दिला की आमच्या कचेरीत? हद्द कायम की पोटहिस्सा? साधी की तातडीची?

भाची : मामा, गोष्ट आहे ती.

मामा : म्हणून तर विचारायलोय. एका बाईनं बांधाच्या मोजणीसाठी अर्ज दिला तरी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात. इथं नदी मागायली, म्हणजे दोन्ही काठ लगतचे. किती गावं उठून येतील बघ. कोणी म्हणणार माझी एवढी खाल्ली, कोणी म्हणणार मला एवढी लावून दिली.

बेट कुठलं हे सांगायची गरज नव्हती. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. जांभळीची झाडं आहेत, मोर आहेत, जायला नाव लागते. पुरात काठाची माती जाते आणि खालच्या अंगाला कुठेतरी गाळ बसतो. पाणी ओसरलं की लोक पात्रात गाळपेर करतात. नदी एकाच्या रानातून घेते आणि दुसऱ्याच्या काठाला ठेवते, आणि फेर पडेपर्यंत कागदावर दोघांचं क्षेत्र जसंच्या तसं. मामांनी हे सगळं ओल्या धोतराने मोजलेलं.

भाची : पण मग हा विनोद होतो. उर्सुला ल ग्विन नावाची एक मोठी लेखिका होऊन गेली. तिने 1973 मध्ये एका निबंधात अशा लिखाणाची पार सालं काढली. एका कादंबरीतला संवाद घेतला, चार शब्द बदलले आणि दाखवून दिलं की तो वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांच्या तोंडीही चालतो. जो संवाद कचेरीत खपतो तो परीकथेच्या मुलखातला नाही, असं तिचं म्हणणं. आणि तुम्ही माझ्या नदीला कचेरीतच नेऊन बसवलंत.

मामा : तिच्या देशातली कचेरी रुक्ष असंल. आपल्याकडं देव खातेदार आहे. मी मारुतीची जमीन मोजलीय. सात-बाऱ्यावर मारुतीचं नाव. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून मारुतीच्या वतीनं अर्ज. कोर्टाच्या हिशोबी देव कायमचा लहान लेकरासारखा, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं हजर राहायचं. त्या दिवशी शिवारात पन्नास माणूस उभं होतं, कुणी हसलं नाही. जो तो खुंटीकडं बघायला.

भाची : 2017 मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने गंगा आणि यमुनेलाही तसंच ठरवलं होतं. कायद्याने व्यक्ती.

मामा : पुढं?

भाची : त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. पूर आला तर नुकसानभरपाई कुणाकडे मागायची, असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं.

मामा : घे. तुझी गोष्ट तिकडं आधीच दाखल होऊन निकालात निघाली.

भाची : हेच तर रडगाणं आहे. मी जे रचायला जाते ते आधीच कुठेतरी मंजूर होऊन बसलेलं असतं. मग मी नवीन काय आणू?

मामा : कोर्टानं नदीला पुकारलं, पण नदी आली का? वकील आले, सचिव आले. तुझ्यात नदी येऊ दे.

भाची : येऊ दे म्हणजे? बोलणार ती?

मामा : मी असतो तर बोलू दिली नसती. बोलली की ती बाई होते, मग तिला मुकुट येतो, मगरीवर बसते, परत कॅलेंडर.

भाची : मग पंचनाम्यावर सही कशी करणार?

मामा : अंगठा.

यावर दोघंही हसले आणि भाची एकदम गप्प झाली. तिने मोबाइल काढला. हसू आलं म्हणजे वाक्य गेलं, असा तिचा आजवरचा हिशोब होता, आणि आता तिला त्या हसण्याच्या पलीकडचं काहीतरी दिसत असावं. मामांना धीर नव्हता.

मामा : नोटीस कोण घेऊन जातं?

भाची : कोतवाल. नावेतून. बेटावर उतरतो, तर जांभळीखाली एक पोरगी बसलेली.

मामा : कुणाची?

भाची : माहीत नाही.

मामा : गावातली?

भाची : तो सगळ्या गावांना ओळखतो. कुठल्याच नाही. ती म्हणते, नदीची नोटीस माझ्याकडं द्या.

मामा : सही केल्याशिवाय देऊ नको म्हणावं त्याला. मग घेते का?

भाची : घेते. वाचते पण. पण उजवीकडून वाचते.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

मामा : म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आधीची आहे ती.